तार आपोआप उघडत नाही

माझे भावोजी चाळण्या विणायचे. घरातल्या पिठाच्या चाळण्या नव्हेत, तसं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. औषधांच्या कारखान्यांना, रंगवाल्यांना लागतात तसल्या, नंबराच्या चाळण्या. वीस नंबर म्हणजे इंचाला वीस भोकं, ऐंशी नंबर म्हणजे ऐंशी. शंभर नंबर उजेडाकडे धरली तर जाळी दिसतच नाही, नुसतं धुकं दिसतं. हाताच्या मागावर शंभर नंबर विणणारे त्या कारखान्यात आपण एकटेच, असं ते सांगायचे. खरं असेलही. पण एकच गोष्ट माणसाने एकोणचाळीस वर्षं सांगितली, तर खरी असली तरी ऐकवत नाही.

मी त्यांची धाकटी मेव्हणी. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही, कारण लग्नाचा नमुना रोज जिना उतरला की दिसत होता. आक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, आणि भावोजी खालच्या मजल्यावर, मी वरच्या खोलीत. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ऐकून घ्यायला घरात आम्ही दोघीच.

माणसांनाही ते नंबर लावायचे. कारखान्याचा मॅनेजर वीस नंबर, "त्याच्यातून खडेसुद्धा आरपार जातात." शेजारचा शिंपी बारा नंबर. मी साठ नंबर, "बाई हुशार आहे, पण ताण सैल आहे." आणि आक्काबद्दल पाहुण्यांसमोर म्हणायचे, "ही म्हणजे चाळणीची नुसती गोल कडी हो, जाळी लावायचीच राहून गेली." पाहुणे हसायचे. आक्काही हसायची, आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा. मी एकदा म्हटलं, "भावोजी, तुम्ही शंभर नंबरचे ना? म्हणूनच तुमच्यातून कौतुकाचा एक शब्द खाली पडत नाही." त्यावर ते म्हणाले, "कौतुक करण्यासारखं काही वर पडलं तर ना."

पहिल्या पगारात मी घरासाठी एक चादर आणली होती. बावीस वर्षांची होते, नाचत आणली होती. त्यांनी खिशातलं भोकं मोजायचं भिंग काढलं, चादरीवर ठेवलं, एक डोळा मिटला आणि निकाल दिला: "चाळीस धागे. दुकानदाराने साठ सांगितले असतील. गणित शिकवते म्हणे." ती चादर नंतर पंधरा वर्षं टिकली. मी ती मुद्दाम त्यांना दिसेल अशी वाळत घालायची.

असा हा माणूस. नाकाने कांदे सोलण्यात हयात गेली. आणि स्वभाव असा की चूक निघाली तर ती दुसऱ्याचीच.

आजार सुरू झाला तेव्हाही चूक आक्काचीच निघाली. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं. "भाजी कच्ची ठेवतेस," ते म्हणाले. तिने भाजी गाळ होईपर्यंत शिजवली. मग उलट्या सुरू झाल्या, आणि त्याही विचित्र. आज संध्याकाळी पडायचं ते काल सकाळचं जेवण असायचं, जसंच्या तसं. आक्का बादली धुवायची. चार महिने त्यांनी कुणालाही न विचारता पाचकाच्या गोळ्या खाल्ल्या. डॉक्टर म्हणजे तीस नंबर, कशाला जायचं? शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली तेव्हा मी रिक्षा बोलावली आणि म्हटलं, "आता बसा. तोंड नंतर वाजवा."

हॉस्पिटलात नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. दोन लिटर निघालं. मग दुर्बीण घातली. पोटाचा खालचा दरवाजा, जिथून अन्न आतड्यात उतरतं, तिथे कॅन्सरची गाठ होती आणि तिने वाट बंद केली होती. यकृतावरही डाग होते. बाकी पोट चांगलं होतं, भूक होती, पण उतरायला वाटच नव्हती. आत टाकलेलं सगळं तिथेच कुजायचं आणि वर यायचं.

डॉक्टर तरुण होते, पण नीट बोलायचे. म्हणाले, मोठं ऑपरेशन यांच्या तब्येतीला झेपणार नाही. दुर्बिणीतूनच त्या अरुंद जागी स्टेंट बसवू. तारेची विणलेली नळी असते, ती गाठीला बाजूला रेटते आणि मधून वाट मोकळी करते.

आक्काने एवढंच विचारलं, "ते जेवतील का?"

"बरे होणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पण जेवतील. मऊ, थोडं थोडं, पण तोंडाने जेवतील."

बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी दोन-तीन महिने सांगितले. ते मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "तेवढे जेवून जाऊ देत." तिच्या दृष्टीने विषय संपला होता. तिला आयुष्य वाढवून नको होतं, तिला ताट वाढायचं होतं. मला तेव्हा वाटलं, काय ही बाई, नवरा चाललाय आणि हिच्या डोक्यात स्वयंपाक.

दुसऱ्या दिवशी आक्का कपडे आणायला घरी गेली होती. डॉक्टर संमतीची सही घ्यायला आले, आणि भावोजी अडून बसले: "आधी माल दाखवा. माझ्या पोटात तार घालताय, तर तार मला बघू द्या."

डॉक्टरांना गंमत वाटली. त्यांनी कपाटातून नमुन्याचा डबा आणला. लांब पारदर्शक नळी, आणि तिच्या टोकाशी आत घट्ट मिटवून ठेवलेली बोटभर विणलेली जाळी. जाड सुईएवढी. भावोजींनी भिंग काढलं. मी दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले.

"विणकाम बरं आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ही मिटलेली आहे. यातून जाणार काय?"

"आत सोडली की उघडते. दोन दिवसांत पूर्ण उघडते, अंगठ्यापेक्षा जाड होते."

"कोण उघडतं?"

"कुणी नाही. आपोआप. शरीराच्या उबेने."

भावोजी हसले. आजारपणात पहिल्यांदाच मनापासून हसले. "उबेने? तार आहे का कोंबडीचं अंडं?"

डॉक्टरही हसले, म्हणाले, "थोडंफार तसंच समजा." तिथेच त्यांनी घोळ केला. हा माणूस थट्टा करणाऱ्याचं ऐकून घेतो, पण थट्टेत सामील होणाऱ्याला कायमचा खाली टाकतो. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "पंधरा नंबर. अहो, तारेला जीव नसतो. वाकवली तशी राहते, मिटवली तशी राहते. तार आपोआप उघडत नाही. एकोणचाळीस वर्षं मी काय गवत विणत होतो?"

"मग सही का केलीत?"

"दुसरं काय करू? निदान भोकांतून पाणी तरी झिरपेल."

स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं: आधी पातळ आहार, मग सहन होईल तसा मऊ. भावोजींनी कागदाची घडी करून उशीखाली ठेवली आणि घरात आपला कायदा सुरू केला.

त्यांचा हिशेब असा: जाळी मिटलेली आहे, अन्न तिच्या भोकांतून झिरपत जाणार. भोकं मी भिंगाने पाहिली आहेत. तेव्हा ऐंशी नंबरातून जे गाळून खाली पडेल तेच मी घेणार, नाहीतर जाळी तुंबेल आणि पुन्हा बादली. कारखान्यातून स्वतःच्या हातची ऐंशी नंबरची चाळण मागवली, स्टीलची, छोट्या कडीची. आक्काने सूप करायचं, ते ऐंशी नंबरातून गाळायचं, पुन्हा एकदा गाळायचं. दूध गाळायचं, फळाचा रस गाळायचा. ऐंशी नंबरातून बटाट्याचं सूप गाळलं तर खाली काय उरणार? कोमट पिवळं पाणी. ते हा माणूस दिवसातून सहा वेळा प्यायचा, आणि प्रत्येक वेळी आधी पेला उजेडाकडे धरून बघायचा.

आणि उलटी थांबली. थांबणारच होती, वाट मोकळी झाली होती. पण श्रेय कुणाला? "बघितलंस," आक्काला म्हणाले, "डॉक्टरच्या जाळीने नाही, माझ्या जाळीने थांबली."

पाचव्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. कागदावर माझा नंबर होता. फोनवर डॉक्टरच होते. "आता मऊ जेवण सुरू केलं ना? बटाटा, अंडं, गिचका भात, चावून चावून. एक्स-रेत स्टेंट अगदी छान उघडलाय, काही काळजी नाही."

मी तशीच जिना उतरले. आक्का बाजारात गेली होती. भावोजी खुर्चीत बसले होते, हातात पेला. मी म्हटलं, "डॉक्टरांचा फोन होता. स्टेंट पूर्ण उघडलाय. एक्स-रेत दिसलंय. जेवायला सांगितलंय तुम्हाला."

त्यांनी पेला खाली ठेवला. "फोटोत काय मास्तरीणबाई," ते म्हणाले, "फोटोत तुमचं नाकसुद्धा सरळ दिसतं."

माझं नाक लहानपणी जिन्यावरून पडून वाकडं झालंय. त्यावर बोललेलं मला सोसत नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बरं," मी म्हटलं. "प्या मग पाणी."

आणि वर निघून गेले.

आता पुढचं सांगते, ते मला सोयीचं नाही. मी पुन्हा एकदाही बोलले नाही. आठ दिवसांनी परत दाखवायला बोलावलं होतं, ते भावोजींनी "अंगात त्राण नाही" म्हणून पुढे ढकललं, मी ढकलू दिलं. मनात म्हणत होते, थांबा भावोजी, एक दिवस एक्स-रेच्या पडद्यावर तुमचं तुम्हालाच दिसेल. एवढ्या वर्षांत एकदा, एकदा तरी तोंडात मारल्यासारखं होऊ दे या माणसाला, आणि तेव्हा मी समोर असू दे. मला दुसरं काही नको होतं. रोज सकाळी जिन्यातून खाली बघायचे, तर आक्का ओट्याशी उभी, एका हातात चाळण, दुसऱ्या हातात डाव, आणि वरच्या गाळाकडे बघत राहिलेली. सगळं जेवण त्या गाळात असायचं. ते ती स्वतः खायची, उभ्या उभ्या, फुकट जाऊ नये म्हणून.

तिला मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही. आक्काला सांगून काय होणार? ती "अहो" म्हणून त्यांच्याकडेच जाणार, ते तिला कडी म्हणणार, आणि ती पुन्हा चाळण हातात घेणार. पालथ्या घड्यावर पाणी.

एकविसाव्या दिवशी त्यांना आम्ही खुर्चीतून उचलूनच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी वजनाचा आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय जेवताय?" त्यांनी विचारलं. भावोजींनी सांगितलं. अगदी नंबरासकट, अभिमानाने.

डॉक्टरांनी त्यांना एक्स-रेच्या यंत्रासमोर खुर्चीत बसवलं, हातात पांढऱ्या औषधाचा पेला दिला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. भावोजींनी घोट घेतला. पडद्यावर पांढरी धार पोटात उतरली, खालच्या दरवाजाशी आली आणि मधल्या रुंद वाटेने सरळ पुढे निघून गेली. वाटेच्या दोन्ही बाजूंना तारेचं विणकाम स्वच्छ दिसत होतं, उघडलेलं, ताठ.

ज्या क्षणाची मी वाट बघत होते तो हाच. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, गालांची हाडं आणि दोन डोळे.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले.

मग डॉक्टरांनी मुदत संपलेला एक स्टेंट आणला. बर्फाच्या पाण्यात धरून तो बोटांनी दाबला, मिटवला, आणि कोमट पाण्याच्या वाडग्यात सोडला. तो हळूहळू फुगला आणि गोल उभा राहिला. भावोजींनी तो बाहेर काढायला लावला, हातात घेतला, परत दाबला, परत सोडला. तीन वेळा.

"कुठली तार ही?"

"निकेल आणि टायटॅनियम. घडवतानाच तिला आकार दिलेला असतो. गार असताना दबते, उबेत परत त्या आकाराला येते."

भावोजी बराच वेळ तो हातात फिरवत बसले. "एकोणचाळीस वर्षं तारेत काढली," ते म्हणाले. "मला कुणी दाखवली नाही ही."

नंतर त्यांनी विचारलं, "कधीपासून उघडी आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून," डॉक्टर म्हणाले. "मी पाचव्या दिवशी यांना फोनवर सांगितलंही होतं." त्यांनी माझ्याकडे हात केला.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, हो, सांगितलं होतं हिने, मीच ऐकलं नाही. किंवा म्हणतील, एकदाच सांगितलं, नीट सांगितलं नाही. त्यांनी तो स्टेंट डॉक्टरांच्या हातात परत दिला. आक्का त्यांच्या मागे खुर्ची धरून उभी होती. तिने ते ऐकलं नसावं असं मी धरून चालले.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी उकडलेला बटाटा खाल्ला, लोणी घालून, काट्याने कुस्करून. अर्ध्या तासात अर्धा बटाटा. आक्का समोर बसून बघत होती. शेवटचा घास गिळून ते म्हणाले, "मीठ कमी आहे." जित्याची खोड, दुसरं काय. आक्का मात्र मीठ आणायला उठली ती अशी, की जणू बक्षीस मिळालंय.

मग सात आठवडे ते जेवले. अंडं, मऊ भात, केळं, दुधात भिजवलेली बिस्किटं. प्रत्येक गोष्टीला नाव ठेवत जेवले. पण गेलेलं मांस परत आलं नाही. डॉक्टर मला म्हणाले, ते आठवडे गेले नसते तर जिना चढण्याइतकी ताकद राहिली असती, कदाचित थोडे दिवसही जास्त मिळाले असते. नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. शेवटी कावीळ झाली आणि एका दुपारी, आक्का अंडं सोलत असताना, ते गेले.

पंधराएक दिवसांनी मी खाली गेले. आक्का पलंगावर त्यांचे शर्ट पसरून द्यायचे कुठले आणि फाडायचे कुठले ते वेगळं करत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "शेवटी जेवून गेले, तेवढं तरी समाधान."

आक्काने मान वर केली नाही. "तुला फोन आला होता ना?"

मी उगाच एक शर्ट घडी करायला घेतला. मग म्हटलं, "मी सांगितलं होतं त्यांना, त्याच दिवशी. त्यांनी माझ्या नाकावरून थट्टा केली. त्यानंतर मी कशाला परत जाऊ त्यांच्या पाया पडायला?"

"त्यांना सांगितलंस," आक्का म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय झालं असतं? तू त्यांनाच विचारायला गेली असतीस."

"मी कशाला विचारते?" तिने एका शर्टाची बटणं काढायला घेतली. "आज एक चमचा दाट केलं असतं, उद्या दोन. आठवड्यात बटाट्यावर आणलं असतं. त्यांना वाटलं असतं ऐंशी नंबरचंच आहे. एवढी वर्षं या घरात जे जे झालं ते असंच झालं, त्यांना कळू न देता. तुलाही नाही कळलं कधी. तुम्ही दोघं हुशार."

ती बटणं काढत राहिली, एकेक करून वाटीत टाकत.

"सोळा दिवस," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने गाळून गाळून त्यांना उपाशी ठेवलं. आणि तू जिन्यातून बघत होतीस."